जपानी गाठ

माझ्या बापाच्या दाढीच्या दुकानात
आरसा एकच, आणि खुर्चीचा एक पाय विटेवर.
मंगळवारी, बाजाराच्या दिवशी,
डोमाजी उके आणि बिसन रहांगडाले
बाकाच्या दोन टोकांना बसत
आणि चुलबंदेच्या काठावर
सव्वीस वर्षांपूर्वी संपलेली लढाई
पुन्हा सुरू होई.

डोमाजी म्हणे, आमची भरती पयल्या सालची.
कामठीले अकरा महिने घासलं आमाले.
अंधारात बंदूक खोलाची, अंधारातच जोडाची,
एक स्प्रिंग हरपली का जेवण बंद.
अन् तुमचं? चवदा हप्ते!
लाकडाची बंदूक धरून तोंडानंच ठो ठो.

बिसन हसत नसे.
होती लाकडाची. सागाची होती.
बाकीचं जंगलानं शिकवलं,
फी लय घेतली त्यानं.
बावीस पोट्टे फी भरता भरताच गेले.

मग आपलं शिक्षण बाजूला राही, शत्रूचं निघे.
हे मला फार उशिरा कळलं :
दोघांनाही आपलाच शत्रू भारी हवा होता.
डोमाजीचा जर्मन असा, की साहेब पडला तर नाईक साहेब,
नाईक पडला तर शिपाई,
वरच्याचं काम खालच्याला तोंडपाठ.
आपल्यात कॅप्टन पडला, तर आपण
आधी कॅप्टनकडे पाहत बसलो.
बिसनचा जपानी मूठभर तांदळावर चार दिवस काढी,
झाडावर चढला की झाडच होई.

“अन् शेवटी शेवटी आले, ते?”
बापानं एकदा फेस लावता लावता विचारलं.
बाक गप्प झाला.
बऱ्याच वेळानं डोमाजी म्हणाला,
मी एक धरला होता. टोप डोयावर उतरे त्याचा.
गालावर लव बी नव्हती.
“म्हणजे आपल्या कामाचा नव्हता,” बाप म्हणाला,
आणि वस्तरा चामड्यावर
नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरवत राहिला.

आडकू नेवारे खाली, उंबऱ्याशी बसे,
बाकावर जागा असली तरी.
तो गेला होता मजूर म्हणून. कवायत नाही, बंदूक नाही,
एक खाकी सदरा, तोही दुसऱ्याच्या मापाचा.
सावधान म्हटलं की त्याचे गुडघे आधी विचार करत.
“याचं ट्रेनिंग!” दोघंही हसत,
तेवढ्यापुरते एका पलटणीचे.

“ट्रेनिंग काही नाही गा. नदी होती. डोंगा होता.
जखमी इकडून तिकडं न्याचे.
एक डाव कैदी होता, पाय सडलेला.
मधातच दोर सुटाले लागला.
त्यानं झपकन हातातून ओढला, गाठ मारली.
पाहारेवाल्यानं बंदूक उचलली.
म्या म्हटलं, थांब बे, कामाचा मानूस हाये.
मंग इचारलं त्याले, कोनं शिकवली?
काहीतरी बोलला त्याच्या बोलीत.
बापानं, म्हनला असंन.
दुसरं कोन शिकवते?”

डोमाजी म्हणाला, गाठीनं लढाई जिंकत नाही आडकू.
आडकूनं तंबाखू चोळली.
“नाही जिंकत.
सुटत नाही, एवढंच.”

आता तिघंही नाहीत. दुकान आहे, खुर्चीला चारही पाय आहेत.
पहाटे पाचला डांबरी सडकेवरून
गावातली पोरं भरतीसाठी धावतात,
सोळाशे मीटर, पाच मिनिटं दहा सेकंद,
मोबाईल मुठीत.
त्यात माझा पुतण्या.
मी दुकानापुढची ताडपत्री बांधत असतो,
आडकूनं शिकवलेल्या गाठीनं.
परवा त्याला म्हटलं, ये, दाखवतो तुले एक.
पाहिली त्यानं. दम खात म्हणाला,
“याचे मार्क नाही ना काका.”

आणि पळाला.
वळणावर वाकलेला दिसला :
बुटाची नाडी सुटली होती.